पहिल्या धारेची बरणी

हंबीरराव इंगवल्यांना दारूचं व्यसन नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गल्लीत त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते ऐकून माणूस भलताच समज करून घेईल. त्यांना छंद होता. व्यसनी माणसाला निदान लोक टोकतात, बायको भांडते, कधीतरी ठेच लागून तो शुद्धीवर येतो. छांदिष्टाला कोण टोकणार? त्याचं सगळं बेतात आणि स्वच्छ घासलेल्या भांड्यांतून चाललेलं असतं. त्यामुळे आपल्या हातून कधी काही वाईट होईल, असं त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

कोल्हापूर संस्थान होतं तेव्हा पागेत घोड्यांचा दवाखाना होता आणि हंबीरराव तिथं कंपाउंडर होते. घोड्यांचे काढे, मलमं, इंजेक्शनाचं शुद्ध पाणी, सगळं त्यांच्या हातचं. पागेचे डॉक्टर गोव्याकडचे, वयस्क, एकटे. शनिवारचं काम आटोपलं की ते विलायती व्हिस्कीची बाटली काढत, हंबीररावांना बोटभर देत आणि सांगत, "गिळायची नाही. आधी वास घ्या, मग जिभेवर धरा. घाई घोड्याला शोभते." हंबीरराव वास घेत. त्यात त्यांना धूर लागे, ओली माती लागे, कधी काकवीसुद्धा लागे. इतकंसं पाणी आणि त्यात एवढं जग! त्या बोटभर व्हिस्कीनं त्यांना कायमचं वेड लावलं.

त्याच पागेत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. एका शिमग्याला घोड्यांची खातरदारी करणारा एक मोतद्दार कुठल्याशा घरगुती भट्टीची पिऊन आला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पागेच्या दारात बसून विचारायला लागला, "अजून उजाडलं न्हाय व्हय?" सगळे हसले. रात्रीची उतरली नाही, असं म्हणून हंबीररावही हसले. त्या मोतद्दाराला पुन्हा कधी उजाडलं नाही. डॉक्टर संध्याकाळी हात धूत म्हणाले, "भट्टीतून पहिलं उतरतं ते सैतानाचं असतं, हंबीरराव. ते ओतून टाकायचं असतं. आणि लोक नेमकं तेच जपून ठेवतात." हे हंबीररावांनी कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पाग मोडली. घोडे लिलावात गेले, डॉक्टर गोव्याला गेले आणि तिकडंच वारले. हंबीररावांच्या पदरात तुटपुंजी पेन्शन पडली. दवाखान्याच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा शुद्ध पाणी काढायचं तांब्याचं भांडं, त्याच्या वेटोळ्या नळीसकट, त्यांनी उचललं. "कशाला आणलासा ह्ये धूड?" असं बायकोनं विचारलं तर म्हणाले, "आठवण." आणि वर्षभरात दारूबंदी आली. विकत मिळत होती तोवर या माणसाला कधी बाटली आणावीशी वाटली नव्हती. बंद झाली तशी त्यांची जीभ त्या शनिवारच्या धुराच्या आठवणीनं कासावीस व्हायला लागली.

रंकाळ्याच्या पल्याड, गाव संपून ऊस सुरू होतो तिथं त्यांचं घर होतं. परसाला लागून नेमिनाथ मगदुमांचं शिवार आणि त्यांचं गुऱ्हाळ. हंगामात चुलवाण पेटलं की उकळत्या रसाचा वास सगळ्या वस्तीवर पसरे आणि त्या वासाखाली दुसरा कुठलाही वास लपून जाई. हंबीरराव दिवसाढवळ्या, परसातल्या छपरात, भांडं चढवत. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, आंबवायचे, मग मंद आचेवर गाळायचे. निघालेलं पाणी बरणीत भरून त्यात जाळलेल्या लाकडाचे तुकडे टाकायचे आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. विकायची नाही, वाटायची नाही, कुणाला सांगायचंही नाही. रविवारी सकाळी चमचाभर जिभेवर धरून डोळे मिटायचे. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी, पण त्या चोरीतही त्यांना परमानंद होता.

नेमिनाथअण्णांना सगळं ठाऊक होतं. जैन माणूस, दारू सोडा, कांदा-बटाटासुद्धा घरात येत नव्हता. पण शेजार सलोख्याचा, म्हणून ते काणाडोळा करत. हंबीरराव एकदा त्यांच्या बांधावरची घायपात मागायला गेले. लांब काटेरी पात्यांची ती झाडं दोर वळायला लावलेली. "पाती न्हाईत, मला बुडातला गड्डा पायजे," हंबीरराव म्हणाले. मेक्सिको नावाच्या मुलखात असल्याच झाडाची दारू काढतात, असं डॉक्टरांनी कधीकाळी सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

"न्या की," अण्णा म्हणाले. "आमच्यात कंद खाईत न्हाईत, आणि तुम्ही त्यो पिणार म्हंता! चुलवाणात भाजायचा तर भाजा, पर माज्या कढईला शिवू नका."

तो गड्डा चुलवाणाच्या निखाऱ्यात पुरून भाजला, कुटला, आंबवला आणि गाळला. जी धार उतरली तिला भाजक्या उसाचा आणि पावसाआधीच्या रानाचा वास होता. हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर असते तर, असं ते मोठ्यानं म्हणाले. त्या दिवसापासून जव मागे पडले आणि घायपात पुढे आली.

आता चिमणाबाईंचं सांगायला हवं. हंबीररावांची बायको, माहेर चंदगडाकडचं. कामाला वाघीण, दारूची शिसारी, पण नवऱ्याच्या या खुळापुढं त्यांनी हात टेकले होते. भांडं तापायला लागलं की हंबीरराव त्यांना हाक मारत. नळीतून पहिली धार पडे ती एका टमरेलात धरत आणि टमरेल बायकोच्या हातात देऊन म्हणत, "जा, कुपाटीला वतून ये." कुपाटी म्हणजे परसाच्या कडेचं काटेरी कुंपण. पुढची धार ते बरणीत धरत. दर खेपेला हेच.

चिमणाबाईंना हे पटेना. त्यांच्या माहेरी, डोंगराकडच्या त्या वाड्यांवर काजूची दारू गाळत. तिथं पहिल्या धारेला मान होता. पहिला थेंब शेताच्या राखणदाराला, त्याच्या दगडावर. मग घरी आलेल्या पाहुण्याला. आणि पुढची पातळ-सातळ घरच्यांना. पहिल्या धारेची म्हणजे अस्सल, हे तिथलं पोरगंही सांगेल. खरं म्हणजे तिथलंच कशाला, आपल्याकडंही माणसाची तारीफ करायची तर लोक त्याला पहिल्या धारेचा म्हणतात. आणि हा बाबा तीच कुपाटीला ओततो!

एकदा त्यांनी विचारलंच, "अवं, चांगली पयल्या धारंची टाकून का देतासा? देवाचा वाटा हाय त्यो."

हंबीरराव आच सारखी करत होते. खरं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. मोतद्दार दिसत होता, त्याचे उघडे डोळे दिसत होते. पण हिला एकदा कळलं की या भांड्यातून माणूस आंधळा करणारं काही निघतं, तर ही भांडं उचलून रंकाळ्यात टाकेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते म्हणाले, "कडू असतीया ती. चव बिघडती. तुला काय कळतंय त्यातलं? सांगितलं तेवढं कर."

मला त्या माणसाची कीव येते, पण या जागी त्याचा रागच येतो. एक शब्द बोलायचा होता. तो गिळला, कशासाठी, तर रविवारच्या एका चमच्यासाठी!

कडू! कडू म्हणून कुणी कारलं टाकतं का? चिमणाबाईंनी मान हलवली आणि टमरेल घेऊन त्या कुपाटीकडे गेल्या. तिथं पिंपळाच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड त्यांनीच मांडला होता, माहेरच्या राखणदाराच्या नावानं. दोन थेंब त्यावर शिंपडले, हात जोडले आणि उरलेली धार पदराआड धरून स्वयंपाकघरात आणली. लोणच्याची एक रिकामी चिनी मातीची बरणी होती, तिच्यात ओतली, वर फडकं बांधलं आणि मांडणीखाली मागे सरकवून ठेवली. पुढच्या खेपेची तिच्यातच, त्यापुढचीही तिच्यातच. दगडाला डोळे नसतात, म्हणून दगडाचं काही बिघडलं नाही.

त्या वर्षी एक गोष्ट हंबीररावांच्या नजरेला आली होती. पहिली धार पडायची तिथलं कुपाटीजवळचं गवत पूर्वी करपून गेलेलं असे. तेवढाच तुकडा उघडा, तांबडा दिसे. त्याच जागी आता हिरवंगार गवत उठलं होतं. ते बघून त्यांना समाधान वाटलं. भुईनं पचवलं म्हणायचं, असं पुटपुटून ते घरात गेले. आपल्या मनासारखं दिसलं की माणूस जास्त खोलात शिरत नाही.

त्रेपन्न सालचा आखाड लागला. पंचगंगेला नवं पाणी आलं, गल्लोगल्ली सनई-ढोलाचं पीऽ ढबाक वाजायला लागलं, आणि डोक्यावर पाण्याचे कलश घेऊन बाया टेकडीवरच्या टेंबलाई देवीच्या जत्रेला निघाल्या. आखाडात कोल्हापुरात घरटी मटण शिजतं आणि जावयाला बोलावणं जातं. इंगवल्यांची एकुलती एक लेक सरोजिनी. तिला सरू म्हणत. तिचा नवरा वसंतराव यष्टीत ड्रायव्हर होता, कोल्हापूर-चंदगड गाडीवर. खाकी कपडे, रुंद मनगटं आणि गाडीचा भारी अभिमान. घाटात समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर तो म्हणे कंडक्टरच्या आधी वाचायचा. हंबीररावांचा त्याच्यावर फार जीव. मुलगा नसलेल्या माणसाचा जावयावर बसतो तसा.

जत्रेच्या दिवशी वसंतराव आणि सरू सकाळीच आले. हंबीरराव नैवेद्य घेऊन टेंबलाईला निघाले, लेकही कलश घेऊन निघाली. जाताना ते जावयाला हळूच म्हणाले, "आलो की तुम्हांस्नी एक चीज चाखवतो. तीन वर्सं ठेवलीया."

"नको मामा. उद्या पहाटंची ड्यूटी हाय. गाडीत माणसं असत्यात."

"शाबास," हंबीरराव म्हणाले आणि त्या एका शब्दावर खूश होऊन भिजत निघून गेले.

घरात सासू आणि जावई उरले. चुलीवर तांबडा रस्सा रटरटत होता. चिमणाबाईंनी मांडणीखालची बरणी काढली, फडकं सोडलं, आणि एक फुलपात्र काठोकाठ भरून पाटासमोर ठेवलं. वर्षभर त्या या दिवसाची वाट बघत होत्या. वसंतराव संकोचला, नको म्हणाला, ड्यूटीचं सांगितलं.

"उद्याचं उद्या," चिमणाबाई म्हणाल्या. "पयल्या धारंची हाय. तुमच्या सासऱ्यालाबी कधी दिली न्हाय. राखणदाराचा वाटा हाय त्यो आणि तुमच्या मानाचा. माजा शबुद मोडू नका, जावईबापू."

सासूनं हातानं दिलेलं परत कसं करायचं? त्यानं डोळे मिटून ते एका दमात संपवलं आणि फुलपात्र पालथं घातलं. चिमणाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. आपल्या माहेरची रीत आपण या घरात एकदा तरी पाळली, याचा त्यांना अभिमान वाटला.

हंबीरराव परतले तेव्हा जावई जेवून आडवा झाला होता. दमलाय पोर, रोजचे खड्डे आणि घाट, असं म्हणून त्यांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. संध्याकाळी तो उठला तेव्हा डोकं जड आहे म्हणाला, पोटात ढवळतंय म्हणाला. मटण जड पडलं असेल, असं ठरलं. सरूला दोन दिवस माहेरी ठेवून तो आपल्या खोलीवर झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर हंबीरराव चहा पीत बसले होते. पाऊस उघडला होता, लख्ख ऊन पडलं होतं. चिमणाबाई भांडी लावता लावता हसत म्हणाल्या, "रागवणार नसशीला तर एक सांगती."

"सांग की."

"तुम्ही कुपाटीला वतायला दिलेली मी वतत नव्हते. साठवून ठेवली हुती. काल जावयाचा मान केला."

हंबीररावांच्या हातातली बशी खाली ठेवायची राहून गेली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना भाजलं नाही. कुपाटीजवळचं ते हिरवं गवत एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"किती दिलीस?"

"एक फुलपात्र. का वं? असं का बगतायसा?"

ते अनवाणी धावले. यष्टी स्टँडवर पोचले तर चंदगड गाडी केव्हाच सुटलेली. वसंतराव इंगळासारख्या लाल डोळ्यांनी आला होता, ताप असेल, पण बदली ड्रायव्हर नव्हता, असं तिथल्या माणसानं सांगितलं. गाडी गच्च भरून गेली होती. हंबीररावांना तो मोतद्दार आठवला, पागेच्या दारात बसलेला. पुढे त्यांना विचार करवेना. तसेच माघारी पळत ते नेमिनाथअण्णांकडे आले आणि अंगणात उभे राहून, आयुष्यात पहिल्यांदा, सगळं खरं सांगितलं. भट्टी, पहिली धार, मोतद्दार, जावई. गुळाचा ट्रक दारात होता. किल्ली घेऊन अण्णा स्वतः चालवायला बसले.

कागल गेलं, मुरगूड मागं पडलं. प्रत्येक वळणावर हंबीररावांना वाटे, आता दिसणार. खड्ड्यात उलटलेली, चाकं वर झालेली गाडी आता दिसणार. अण्णा तोंडातल्या तोंडात णमोकार मंत्र म्हणत होते. हंबीररावांना कुठल्याच देवाचं नाव घ्यायचं धाडस होईना.

मुरगुडाच्या पुढं, झाडाखाली, गाडी उभी होती. चारी चाकांवर, रस्त्याच्या कडेला अगदी नीट लावलेली. प्रवासी खाली उतरून तंबाखू मळत होते, पोरं उन्हात खेळत होती. कंडक्टर पुढं आला आणि गोंधळलेल्या आवाजात म्हणाला, "ड्रायवरनं हितं लावली आणि म्हणतोय, फुडं जाता येत न्हाय. म्हणतोय, धुकं हाय. कुठं हाय वं धुकं?"

वसंतराव आपल्या जागेवर बसला होता. हातात फडकं घेऊन तो समोरची काच आतून पुसत होता. पुसायचा, थांबायचा, पुन्हा पुसायचा. हंबीररावांनी दारातून हाक मारली तसा तो आवाजाच्या रोखानं वळला, पण त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे गेली.

"मामा? तुम्ही? ह्या धुक्यातनं कसं आलासा?" तो म्हणाला. "आखाडात एवढं धुकं मी कधी बगितलं न्हाय. माणसं हायती गाडीत, म्हणून उभी केली. इरल की जरा वेळानं."

हंबीररावांनी त्याचा हात धरला. उघड्या रानावर ऊन पसरलं होतं.

धुकं विरलं नाही. सरकारी दवाखान्यात उशीर झाला म्हणाले. हंबीररावांनी तिथंच सगळं कबूल केलं. खटला झाला, तांब्याचं भांडं जप्त झालं, शिक्षा झाली, ती भोगून ते परत आले. पण त्याआधी, दवाखान्यातून घरी आल्या दिवशी, आणखी एक व्हायचं होतं. चिमणाबाई राखणदाराच्या दगडासमोर कपाळ आपटत होत्या. देवाला दोनच थेंब देऊन बाकीची पाहुण्याला दिली म्हणून देव कोपला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हंबीरराव गप्प राहिले असते तर आयुष्यभर दोष देवावर आणि बायकोवर राहिला असता. तेवढं पाप त्यांनी केलं नाही. त्यांनी त्यांना उठवलं आणि मोतद्दारापासून सगळं सांगितलं.

चिमणाबाई ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी इचारलं हुतं तुम्हांस्नी. कडू हाय म्हणालासा. इख हाय म्हणायला किती वेळ लागला असता?"

त्यानंतर त्या हे पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर हंबीररावांना बरं वाटलं असतं.

वसंतराव आणि सरू आता इंगवल्यांच्या घरीच असतात. नेमिनाथअण्णा बांधावरच्या घायपातीचा वाख, म्हणजे पात्यांचे तंतू, आणून टाकतात आणि वसंतराव दारातल्या कट्ट्यावर बसून दोर वळतो. मनगटं अजून तशीच रुंद आहेत. त्याचे दोर कोल्हापूरच्या बाजारात हातोहात जातात. शेजारी हंबीरराव बसलेले असतात. एकेकाळी एक शब्द पोटात ठेवणारा हा माणूस आता दिवसभर बोलत असतो. रंकाळ्यावर ढग उतरलाय, मगदुमांची म्हैस सुटलीय, रस्त्यानं चंदगड गाडी चाललीय, नवा रंग दिलाय तिला, नंबर अमुक अमुक. वसंतराव दोराला पीळ देत ऐकतो. त्यानं विचारलं नाही तरी ते सांगतात.